गेटजवळील मोरीसाठी अठरा इंची पाइप घालण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नागपूर.

विषय: मोरीच्या पाइपचा व्यास.

महोदय,

गेटखालच्या मोरीत सध्याच्या ३०० मिलीमीटर, म्हणजे बारा इंची, ह्यूम पाइपशेजारी (सिमेंट काँक्रीटच्या पाइपशेजारी) तसाच दुसरा पाइप टाकण्याचा ठराव समितीने केला आहे. काम सुरू होण्यापूर्वी त्याचा फेरविचार व्हावा, ही विनंती.

आपले आवार सुमारे एक हेक्टरचे असून गच्च्या आणि पेव्हर ब्लॉकमुळे पावसाचे जवळपास ८० टक्के पाणी न मुरता गेटकडे येते. तासाला ६० मिलीमीटर पाऊस धरला, तर ०.८ × ६० × १ ÷ ३६० या हिशेबाने (न मुरणारा वाटा × पाऊस × हेक्टर; ३६० ने भागल्यावर उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येते) सेकंदाला ०.१३३ घनमीटर, म्हणजे १३३ लिटर पाणी मोरीतून जायला हवे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, ते पाहता हा आकडा कोणी फुगवलेला म्हणणार नाही.

पाइपमधून किती पाणी वाहील हे काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रात १:२०० उतार आणि काँक्रीटसाठी ०.०१३ हा खडबडीतपणाचा गुणांक घातला, तर पूर्ण भरलेला बारा इंची पाइप सेकंदाला ६८ लिटर वाहून नेतो. दोन पाइपांचे १३६ होतात. कागदावर जेमतेम पुरेसे, परंतु सध्याच्या पाइपच्या तोंडाशी साचलेला गाळ आणि गुलमोहराच्या शेंगा पाहिल्यावर त्यावर विसंबणे कठीण आहे. जुना पाइप काढून ४५० मिलीमीटरचा, म्हणजे अठरा इंची, एकच पाइप घातल्यास तो २०१ लिटर नेईल. बारा आणि बारा चोवीस, मग अठरा कमीच, असे सभेत म्हटले गेले. पण वहनक्षमता व्यासाच्या ८/३ घाताने वाढत असल्याने व्यास दीडपट होताच ती जवळजवळ तिप्पट होते. प्रत्यक्षात उतार १:४०० इतकाच मिळाला, तरी अठरा इंची पाइप १४२ लिटर नेईल, तर दोन बारा इंची मिळून ९६ वरच अडतील.

कचऱ्याची गाडी वरून जाते, म्हणून पाइप एनपी-३ प्रतीचा, म्हणजे वाहनांचा भार पेलणारा, असावा. आपली काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे सांधे सरकू नयेत यासाठी खाली मुरूम दाबून घ्यावा.

मात्र बाहेरची नाली तुडुंब भरून तिची पातळी पाइपच्या तोंडावर गेली, तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. समोरचा सिमेंट रोड उंच झाल्यापासून ही शक्यता वाढली आहे. म्हणून कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी डम्पी लेव्हलने (उंची-पातळी मोजण्याच्या दुर्बिणीच्या उपकरणाने) पाइपच्या दोन्ही तोंडांची आणि नालीच्या तळाची पातळी मोजून घ्यावी व ते आकडे सूचनाफलकावर लावावेत.

आपला विश्वासू,
एक सभासद