अल्फाव्हिल ब्रिटिश नव्हे, जर्मन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत १९८०च्या दशकातील पाश्चात्त्य पॉप संगीतावरील लेखात ‘फॉरेव्हर यंग’ या अल्बमचा गौरवाने उल्लेख झाला, याचा फार आनंद वाटला; मात्र अल्फाव्हिल या बँडला लेखकाने ब्रिटिश म्हटले आहे, ते दुरुस्त व्हायला हवे. मारियन गोल्ड, बर्नहार्ड लॉइड आणि फ्रँक मेर्टेन्स या तिघांचा हा सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझरच्या सुरांवर उभे असलेले पॉप संगीत करणारा, बँड पश्चिम जर्मनीतील म्युन्स्टरचा. गाणी इंग्रजीत असल्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. तरीही ही चूक मला किरकोळ वाटत नाही, कारण ही गाणी ज्या मातीतून आली ती वगळली की त्यांचा अर्थच हरवतो.

१९८६ साली मी येथील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत असताना एका मैत्रिणीने हा अल्बम मला कॅसेटवर भरून दिला होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी टू-इन-वनवर ‘बिग इन जपान’ लावले की त्यातील ‘झू’ या शब्दाशी मी दरवेळी अडखळत असे; प्राणिसंग्रहालयाचा तेथे काय संबंध, हे कळत नसे. शेवटी सरांनी वर्गातल्या नकाशावर पश्चिम बर्लिनमधील झू स्थानकावर बोट ठेवले आणि त्या परिसरात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या तरुण मुलांविषयी सांगितले. व्यसनातून सुटू पाहणाऱ्या जोडप्याचे ते गाणे आहे हे समजल्यावर, इतके दिवस ज्या ठेक्यावर मी पाय हलवत होते तो मला वेगळाच ऐकू येऊ लागला.

शीर्षकगीताचेही तेच. आपल्याकडे निरोप समारंभात ते तारुण्याचे गोड गाणे म्हणून वाजते, पण त्याच्या सुरुवातीलाच बॉम्बची भीती आहे. नोव्हेंबर १९८३ पासून पश्चिम जर्मनीत अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रे येऊ लागली होती, पलीकडे सोव्हिएत एसएस-२० सज्ज होती, आणि युद्ध पेटलेच तर पहिला घाव आपल्याच गावांवर बसणार हे तिथल्या विशी-पंचविशीतल्या मुलांना पक्के ठाऊक होते. अशा काळात, सप्टेंबर १९८४ मध्ये, हा अल्बम आला. कायम तरुण राहण्याची त्यातली इच्छा म्हणजे म्हातारे होईपर्यंत जगायला मिळेल की नाही, या धास्तीतून निघालेली विनवणी आहे, असे मला वाटते.

यशाबद्दल लेखात आलेली माहितीही त्रोटक आहे. ‘बिग इन जपान’ पश्चिम जर्मनी, स्वित्झर्लंड व स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. ब्रिटनमध्ये ते आठव्या स्थानापर्यंत गेले. अल्बम स्वीडन आणि नॉर्वेत अव्वल ठरला. पहिल्याच अल्बमला, तोही तिघांपैकी कोणी मुरलेला वादक नसताना, सिक्वेन्सरच्या, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राच्या, आधाराने बांधलेल्या सुरांना हे यश लाभले.

पुण्यात आज शाळेपासून जर्मन शिकणारी मुले असंख्य आहेत आणि तीही आपली पुरवणी वाचतात. पुढील अंकात दुरुस्ती छापताना म्युन्स्टरचे नाव आवर्जून द्यावे, ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त जर्मन शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे