मामा, तुम्ही अण्णांना विचारलंत

मामांना सादर नमस्कार,

मोबाइलवर चार ओळी पाठवल्या असत्या तर तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकून विषय संपवला असता. आणि समोर येऊन बोलायला गेले की माझा गळा दाटतो, ते त्या दिवशी तुमच्या गॅरेजच्या शेडमध्ये सगळ्यांनी पाहिलंच. म्हणून हे आभाराचं पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं नाव घालत नाही. "नाव कशाला पायजे, काम झालं की बास" असं तुम्हीच म्हणाला होता. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला ज्यांची जुनी गाडी कधी बिघडली असेल, त्यांना हे कुणाबद्दल आहे ते कळेलच.

गाडीबद्दल आधी थोडं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना आमचा जीव तिच्यात एवढा का, ते समजेल. २००४ सालची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती २०११ साली पुण्याहून सेकंडहँड आणली. आठ यंत्रमागांचा कारखाना असलेल्या माणसाने मर्सिडीज आणली म्हटल्यावर आमच्या पूर्व भागात महिनाभर दुसरा विषय नव्हता. नव्या छोट्या सेडानच्या किमतीत ती पडली होती, पण हे कुणी ऐकून घेत नव्हतं. डिकीवरचं 'कॉम्प्रेसर' वाचून लोक विचारायचे, एसीचा का? अण्णा चहा थंड होऊ देत, पण समजावून सांगत. हा कॉम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जर, इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. तेच काम करणारा टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, त्यामुळे आधी इंजिनाने जोर धरायला लागतो. हा सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो. पूर्वी एकाच लाइनशाफ्टवरून, म्हणजे फिरत्या लांब दांड्यावरून, पट्टे घेऊन सगळे माग चालवायचे, तसं. इंजिन फिरलं की हा फिरला. आत दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि हवा पुढे ढकलत राहतात, म्हणून १७९६ सीसीच्या चार सिलिंडरमधून १६३ अश्वशक्ती निघते. मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या गाड्या १९२१ सालीच बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या होत्या, हेही ते सांगायचे, जणू स्वतः तिथे जाऊन आले होते. मला हे सगळं पाठ आहे, कारण लहानपणी गोष्टी ऐकाव्यात तसं मी हे मोठेपणी ऐकलं.

आणि तिची शीळ. पाय दाबला की बारीक, वर चढत जाणारी शीळ. अण्णांना ती कधीच खटकली नाही. उलट, शीळ ऐकू यावी म्हणून ते गाडीत गाणी लावू देत नसत.

२०१८ मध्ये काचबिंदूने अण्णांची नजर गेली. माग विकले. गाडी विका म्हणणारे पुष्कळ होते, २०१९ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा तर घरातलेही म्हणाले. आम्ही नोंदणी पुढे वाढवून घेतली. २०२४ ला परत वाढवली, तेव्हा त्याची फी ५००० झाली होती, तीही भरली. कारण दर रविवारी सकाळी अण्णा माझ्या शेजारी बसतात, आम्ही सात रस्त्यावरून होटगी रोडला लागतो, रस्ता मोकळा मिळाला की मी पाय दाबते आणि ते शिळेवरून वेग सांगतात. पाचसहा किलोमीटरचा फरक पडत असेल, जास्त नाही. दिवसभर घरात भिंतीला हात लावून चालणारा माणूस त्या अर्ध्या तासात कुणाच्याही आधाराने बसलेला नसतो.

यंदा एप्रिलमध्ये अण्णाच पहिल्यांदा म्हणाले, "ही शीळ नाही. खाली कुठंतरी बेअरिंग बोलतंय." मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. आठवडाभराने मलाही किरकिर ऐकू यायला लागली. मग सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायची, चढावर ओढच राहिली नाही.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मी इथे लिहिणार, मामा, तुम्हाला आवडलं नाही तरी. मोठ्या काचा लावलेल्या एका वर्कशॉपात गाडी अकरा दिवस होती. कॉम्प्युटर लावून त्यांनी सांगितलं, सुपरचार्जर गेला, अख्खा बदलावा लागेल, दोन लाख ऐंशी हजार. आवाज खालून येतोय, वरून नाही, असं अण्णांनी तीनदा सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने एकदाही त्यांच्याकडे पाहून उत्तर दिलं नाही. तो मला म्हणाला, "मॅडम, आजोबांना आत बसवा ना, एसी चालू आहे." दुसऱ्या ठिकाणी एक सेन्सर बदलला, पैसे घेतले, आवाज तसाच. तिथे मला विचारलं गेलं, घरात बोलायला कुणी जेंट्स नाहीत का. जेंट्स माझ्या शेजारीच उभे होते, काठी घेऊन. निघताना एकाने गाडीच्या टपावर थाप मारली आणि म्हणाला, भंगारात घाला, आता हिच्यात काही राहिलं नाही.

हे सगळं मी विसरले असते. पैसे जातात, येतात. पण त्या दिवशी रिक्षातून घरी येताना अण्णा म्हणाले, "मला आता नीट ऐकूही येत नसंल बहुतेक. तू नको आणखी फिरू."

मामा, ज्या माणसाने आठ मागांच्या खडखडाटातून कुठल्या मागाचा धोटा ढकलणारा पिकर सैल झालाय ते दारातून ओळखलं, तो माणूस स्वतःच्या कानांवर शंका घेत होता. डोळे गेले तेव्हाही ते एवढे खचले नव्हते. त्यानंतरचे तीन रविवार त्यांनी गाडीचं नावही काढलं नाही.

तुमचा पत्ता त्याच रिक्षावाल्याने दिला होता. मी आशा ठेवून आले नव्हते, खरं सांगते. पत्र्याची शेड, बाजूला मागांचा कारखाना, बाहेर बाजेवर वाळत घातलेलं टॉवेलचं कापड. तुम्ही बॉनेट उघडलंत, आत पाहिलंत, गाडी सुरू करायला सांगितलीत, परत बंद करायला सांगितलीत. मग म्हणालात, "माग थांबू द्या की. ह्या खडखडाटात काय ऐकू येणार?" एक वाजता शेजारी जेवणाची सुट्टी व्हायची होती. तोवर तुम्ही दुसरं काम केलंत आणि अण्णांसाठी खुर्ची सावलीत सरकवलीत.

ऐकण्यासाठी थांबणारा मेकॅनिक मला पहिल्यांदा भेटला. पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते त्यानंतरचं.

माग थांबले. तुम्ही तो हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढलात, एक टोक चालू इंजिनावर टेकवलंत, मूठ स्वतःच्या कानाला लावलीत. दोन ठिकाणी ऐकलंत. मग माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "आवाज पहिल्यांदा कुणी ऐकला?" मी म्हणाले, अण्णांनी. तुम्ही काही बोलला नाहीत. पोराला खुर्ची बाजूला घ्यायला सांगितलंत, अण्णांच्या दंडाला धरून त्यांना गाडीच्या तोंडाशी आणलंत, त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या स्वतः वर दुमडल्यात, पट्ट्यात काही अडकू नये म्हणून. एका हाताने त्यांना मागून घट्ट धरलंत. आणि ती मूठ त्यांच्या कानाला लावलीत.

"अण्णा, तुम्ही सांगा. हेच का?"

अण्णांनी बराच वेळ ऐकलं. "हे नाही. हे तर गुळगुळीत हाय."

ती सुपरचार्जरची जागा होती. दोन लाख ऐंशी हजारांची.

तुम्ही टोक खाली सरकवलंत. "आता?"

"अजून खाली घे. हां. हां, हेच. हेच बोलूलालंय बघ."

त्यांचा चेहरा मी किती वर्षांनी तसा पाहिला ते मलाच आठवत नाही. माग चालू असताना ते असे दिसायचे. तुम्हीही हसलात आणि पोराला तेलुगूत काहीतरी म्हणालात. मला तेलुगू येत नाही, पण अण्णांना येतं. तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं की नुसते हसतात.

बाकीचं मी थोडक्यात लिहिते, कारण तुम्ही त्याला काही मोठं मानलं नाही. पट्टा सोडवून तुम्ही सगळ्या पुल्या अण्णांच्या हाताने फिरवून घेतल्यात. सुपरचार्जरची लोण्यासारखी फिरली, खालची, पट्ट्याला नुसता आधार देणारी आयडलर पुली खरखरत होती. गाडीची ओढ गेली होती ती वेगळ्याच कारणाने. इंजिनाच्या मागच्या अंगाला, हवा आत घेणाऱ्या इनटेकखाली, इंजिनातले वायू ओढून घेणारी ब्रीदरची रबरी नळी चिरली होती. वीस वर्षांचं रबर, त्यात आपल्या सोलापूरचा उन्हाळा, बॉनेटखाली काय भट्टी होत असेल. सुपरचार्जरला स्वतःचं वेगळं तेल असतं आणि ते सहसा कुणी बघतच नाही, हेही मला तेव्हाच कळलं. तुम्ही तेही पाहून घेतलंत. पुली आणि नळी पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने आल्या. बिल त्या मोठ्या आकड्याच्या विसाव्या हिश्शाएवढंही झालं नाही. मी वर काही द्यायला लागले तेव्हा तुम्ही रागावलात. त्याबद्दल माफी मागते. मला त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं.

मी शाळेत शिकवते. वर्गात चाळीस मुलं असली की ज्याला उत्तर येत असतं तो बऱ्याचदा मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो, आणि घाईत आपण पुढच्यालाच विचारतो. मीही हे केलंय. त्या दिवसापासून माझ्या मनात ते राहून गेलंय. माणसाला मदत करणारे पुष्कळ भेटतात हो. रस्ता ओलांडून देतात, बसमध्ये जागा देतात, अण्णांना तर रोज कुणी ना कुणी हात देतं, आपलं गाव त्या बाबतीत चांगलंच आहे. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत एवढ्या गर्दीत लोक त्यांना वाट करून देतात. पण त्यांच्याकडून कुणी काही घेत नाही. सात वर्षांत कुणी त्यांना विचारलं नव्हतं की अण्णा, तुम्हाला काय वाटतं, आम्हाला सांगा. म्हातारा झाला, आंधळा झाला की माणसाला फक्त द्यायचंच असतं, असं सगळे धरून चालतात. चांगली माणसंही. मीसुद्धा. तुम्ही त्यांच्याकडून मागितलंत आणि त्यांनी सांगितलेल्या जागेवर पाना लावलात.

काचेच्या वर्कशॉपातल्या त्या मुलाबद्दल माझ्या मनात अजून राग आहे. तो जाईल असं वाटत नाही आणि जावा असंही वाटत नाही. त्याला मशीन वाचायला शिकवलं, समोरच्या माणसाकडे बघायला कुणी शिकवलं नाही. त्याच्या वरच्या लोकांचाही राग आहे, कारण दोन लाख ऐंशी हजारांच्या कागदावर सही त्यांचीच होती.

गेल्या रविवारी आम्ही परत होटगी रोडला गेलो. पहाटे पाऊस पडून गेला होता, काच खाली केली होती. मी पाय दाबला. शीळ वर गेली, स्वच्छ, एकसारखी. अण्णा म्हणाले, "ब्याऐंशी." काटा ऐंशीच्या जरा पुढे होता.

जुनी पुली तुम्ही फडक्याने पुसून त्यांच्या हातात दिली होती, ती त्यांनी उशाशी ठेवली आहे. दुपारी पडल्या पडल्या बोटाने फिरवतात आणि खरखर ऐकतात. घरी कुणी आलं की त्याच्या हातात देतात आणि सांगतात, हे मी ओळखलं होतं.

येत्या रविवारी दुपारी जेवायला या, मामा. मामींना आणि त्या पोरालाही घेऊन या. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि अण्णांना आवडतं ते वांग्याचं भरीत आहे. तो लांब स्क्रू ड्रायव्हरही बरोबर आणा. अण्णा म्हणतात, त्यांच्या खोलीतल्या पंख्याचं वरचं बेअरिंग बोलायला लागलंय. मला अजून काही ऐकू येत नाही, पण इलेक्ट्रिशियनला बोलवायच्या आधी तुम्ही एकदा त्यांच्याबरोबर ऐकावं, अशी त्यांची इच्छा आहे.

तुमची,
अण्णांची मुलगी