पुस्तिकेतला सेटजम्पचा नमुना सदोष असल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑप्टिमायझेशन लावल्यावर बिघडणारा नमुना कोड आणि त्यावर मिळालेली चुकीची उत्तरे

महोदय,

आपली सी लायब्ररी आम्ही रीतसर परवाना घेऊन वापरतो. एरर आल्यावर, सेटजम्पने आधी नोंदवलेल्या जागी लाँगजम्पने थेट मागे येण्याचा जो नमुना आपल्या पुस्तिकेत आहे, तो आम्ही जसाच्या तसा घेतला. त्यात एफपी हा फाइल पॉइंटर सुरुवातीला नल (रिकामा) असतो, सेटजम्पनंतर फाइल उघडून त्यात भरला जातो, आणि मागे आल्यावर एफपी नल नसेल तरच फाइल बंद होते. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणारी कंपायलरची सोय) बंद असताना हे चालते. ओ२ ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावून बिल्ड केले की मागे आल्यावर एफपी पुन्हा नल दिसतो आणि फाइल उघडीच राहते. आमचा सर्व्हर अखंड चालतो. उघड्या फाइलींची मर्यादा भरली की त्याला नवे कनेक्शनही घेता येत नाही.

आपल्या सपोर्टचे उत्तर आले: कंपायलरचा बग आहे, ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) वापरा. हे साफ चूक आहे. ओ२ मध्ये कंपायलर एफपी रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जागेत, ठेवतो. सेटजम्प काही रजिस्टरे बफरमध्ये टिपून ठेवतो, लाँगजम्प तीच परत भरतो, म्हणून जुना नल परत येतो. ओ० मध्ये व्हेरिएबल स्टॅकवर, म्हणजे मेमरीत, असते, तिथले नवे मूल्य शाबूत राहते. कंपायलरला ही मुभा सी भाषेच्या सी९९ या मानकाच्या कलम ७.१३.२.१ नेच दिली आहे: सेटजम्प असलेल्या फंक्शनमधले, व्होलाटाइल (मूल्य दर वेळी मेमरीतूनच वाचा-लिहा असे कंपायलरला सांगणारा शब्द) नसलेले लोकल व्हेरिएबल सेटजम्प आणि लाँगजम्प यांच्या मधल्या काळात बदलले असेल, तर त्याचे मूल्य अनिश्चित असते.

नंतर पाठवलेल्या दुरुस्तीने तर संताप आला. तिच्यात व्होलाटाइल हा शब्द फाइल या टाइपच्या आधी आहे. त्यामुळे पॉइंटर जिकडे निर्देश करतो ती वस्तू व्होलाटाइल ठरते, पॉइंटर तसाच राहतो. तो शब्द पॉइंटर दाखवणाऱ्या स्टारनंतर, एफपीच्या लगेच आधी हवा. शिवाय आपल्या दुरुस्तीतला पॉइंटर फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजला दिला की क्वालिफायर (इथे व्होलाटाइल हा शब्द) गळत असल्याची वॉर्निंग येते. ती कुणी वाचलीच नाही का?

पुस्तिका दुरुस्त करा, तिच्यातला प्रत्येक नमुना ओ२ वरही तपासा (जीसीसी या कंपायलरमध्ये डब्ल्यूएक्स्ट्रा हा पर्याय लावल्यास क्लॉबर्डची, म्हणजे लाँगजम्पमुळे व्हेरिएबलचे मूल्य बिघडू शकते अशी, वॉर्निंगही मिळू शकते), आणि हा नमुना वापरणाऱ्या सर्व परवानाधारकांना लेखी कळवा. कारण हा दोष एरर आल्यावरच उघड होतो. नेहमीच्या चाचणीत तो सापडणार नाही.

लेखी उत्तराच्या अपेक्षेत,
आपला परवानाधारक ग्राहक