चेन लॉक नाकारल्याबद्दल दुसरे तक्रारपत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: आपल्या अधिकृत विक्री व सेवा केंद्रात अन्य कंपनीच्या दुचाकीला मिळालेल्या वागणुकीबाबत, तसेच माझ्या पहिल्या पत्राला आलेल्या उत्तराबाबत.

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्या विभागाकडून आलेल्या उत्तरात दोनच मुद्दे आहेत. संबंधित वाहन आपल्या कंपनीचे नसल्यामुळे तक्रार नोंदवता येत नाही, हा पहिला, आणि डीलर हे स्वतंत्र व्यावसायिक असल्यामुळे त्यांच्या दैनंदिन कामकाजात कंपनी हस्तक्षेप करत नाही, हा दुसरा. दोन्ही मला मान्य नाहीत, म्हणून घडलेला प्रकार या वेळी अधिक तपशिलाने मांडतो.

त्या दिवशी मी माझ्या भावाची दुचाकी चालवत होतो आणि ती दुसऱ्या कंपनीची आहे. चालत्या गाडीत मागून खट्‌खट् आवाज येऊ लागल्याने मी थांबून वाकून पाहिले, तर चेनची दोन टोके जोडणाऱ्या जोडकडीवरची क्लिप गळून पडली होती आणि कडीची बाहेरची पट्टी दोन्ही पिनांवरून जवळजवळ निम्मी सरकली होती. अशी चेन धावत्या गाडीत तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रापाशी, गुंडाळली गेली, तर मागचे चाक जागीच अडकू शकते किंवा इंजिनाचे आवरण फुटू शकते. त्यामुळे गाडी पुढे चालवण्याचा प्रश्नच नव्हता. सुदैवाने आपले केंद्र समोरच दिसत होते, म्हणून मी गाडी ढकलत तिथपर्यंत नेली. (ती क्लिप मागच्या खेपेला मीच घरी बसवली होती आणि बहुधा उलटी बसवली होती. चूक माझी होती. तिची तक्रार मी कोणाकडेही करत नाही.)

सर्व्हिस काउंटरवरील कर्मचाऱ्याने गाडीच्या टाकीवरचे नाव पाहूनच “आम्ही दुसऱ्या कंपनीच्या गाडीला हात लावत नाही” असे सांगितले. बिघाड काय आहे, हे त्याने विचारलेही नाही. मी निदान चेन लॉक, म्हणजे क्लिपसह नवी जोडकडी, तरी विकत द्या म्हणालो, कारण त्याच्या मागच्या फळीवर त्याच चेन-उत्पादकाचे पुडे टांगलेले मला दिसत होते आणि त्यावर ४२८ हा चेनच्या मापाचा आकडा ठळक छापलेला होता. माझ्या चेनच्या पट्टीवरही तोच आकडा आणि त्याच उत्पादकाचा शिक्का होता. त्यावर, गाडीचा नोंदणी क्रमांक टाकल्याशिवाय सिस्टीम सुटा भाग देत नाही आणि तुमचा क्रमांक सिस्टीम घेणार नाही, असे उत्तर मिळाले.

आता जे लिहितो ते पहिल्या पत्रात संकोचामुळे लिहिले नव्हते. मी दहा मिनिटे बाहेर उभा राहिलो, पुन्हा आत गेलो आणि माझ्या स्वतःच्या गाडीचा क्रमांक सांगितला. ती गाडी आपल्याच कंपनीची आहे, मी ती सात वर्षांपूर्वी नवी घेतली आणि तिचीही चेन ४२८ चीच आहे. सिस्टीमने क्रमांक लगेच घेतला आणि त्याच फळीवरचा तोच पुडा मला रीतसर पावतीसह मिळाला. दहा मिनिटांत ना पुडा बदलला होता, ना चेन. फक्त काउंटरवरच्या पडद्यावरचे नाव बदलले होते. लॉक बसवून देण्याची विनंती मात्र पुन्हा नाकारण्यात आली आणि दोन मिनिटांसाठी मागितलेली पक्कडही अवजारे वर्कशॉपबाहेर जात नाहीत या नियमावर अडली.

शेवटी आपल्याच वर्कशॉपमधले एक वयस्क मिस्त्री सुटीच्या वेळेत फाटकाबाहेर आले, खाली बसले आणि खिशातल्या पकडीने त्यांनी जुनी पट्टी काढून नवी कडी बसवली. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला ठेवायची, नाहीतर उघडी टोके कशात तरी अडकून क्लिप निघून जाते, हेही त्यांनी मला बोटाने दाखवून समजावले. या सगळ्याला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. त्यांनी पैसे घेतले नाहीत. फक्त आत कोणाला सांगू नका, एवढेच म्हणाले.

नकाराची सगळीच कारणे खोटी असतात, असे माझे म्हणणे नाही. इंजिन उघडायचे असेल, इंधनाच्या इंजेक्शनमधला दोष स्कॅनर लावून वाचायचा असेल किंवा दुसऱ्या उत्पादकाची वॉरंटी चालू असेल, तर आपल्या केंद्राने नाही म्हणणेच योग्य. त्या कामांना ज्या त्या कंपनीचे सॉफ्टवेअर, खास हत्यारे आणि बोल्ट किती जोराने आवळायचे याचे आकडे लागतात आणि अंदाजाने केलेली दुरुस्ती चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. आपल्या ग्राहकांनी आधी घेतलेल्या वेळा सोडून माझे काम आधी करावे, अशीही अपेक्षा नव्हती. मी दोन तास थांबायला तयार होतो.

परंतु दुचाकीचा बराच भाग मुळात कोणत्याही एका दुचाकी कंपनीचा नसतो, आणि हे आपल्या वर्कशॉपइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ४२८ मधला पहिला आकडा चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, टाकीवर नाव कोणाचेही असो, ते बदलत नाही. टायरवर ११०/७०-१७ लिहिलेले असेल तर रुंदी ११० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १७ इंची, हे जगभर एकाच रीतीने वाचले जाते. चाकातली ६२०२ क्रमांकाची बेअरिंग कोणीही बनवली तरी आत १५, बाहेर ३५ आणि जाडीला ११ मिलिमीटरच भरते. ब्रेक ऑइल डॉट ४ हवे की आणखी कोणते, हे बहुधा त्याच्या टाकीच्या झाकणावरच कोरलेले असते. अशा वस्तू गाडीच्या नावावरून नाकारण्यामागे तांत्रिक कारण मला तरी दिसत नाही.

तसे कारण नाहीच, याचा पुरावाही आपल्या केंद्रातच उभा होता. शोरूमच्या काचेला लागून जुन्या गाड्यांची विक्रीसाठी रांग होती आणि तिच्यात माझ्या भावाकडे आहे तेच मॉडेल होते. तिची चेन ताज्या तेलाने चमकत होती आणि हँडलला “आमच्या तंत्रज्ञांनी तपासलेली” असे कार्ड लटकत होते. मी बाहेर उभा असताना विक्री विभागातील एक गृहस्थ आपणहून माझ्याकडे आले, त्यांनी टायर दाबून पाहिले, किलोमीटरचा आकडा टिपून घेतला आणि एक्स्चेंजमध्ये द्यायची असेल तर लगेच किंमत काढून देतो म्हणाले. मी चेनचे सांगितल्यावर “ते सर्व्हिसवाल्यांचे आहे” एवढेच बोलून ते आत गेले. म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या गाडीला हात लावायचा नाही हा नियम गाडी ग्राहकाची असेपर्यंतच लागू असतो. ती आपल्या मालकीची झाली की तेच तंत्रज्ञ तिची चेनही घट्ट करतात आणि तपासणीचे कार्डही लटकवतात.

डीलर स्वतंत्र आहेत, या मुद्द्याबद्दल एवढेच लिहितो की दारावरची पाटी, कर्मचाऱ्यांचा गणवेश आणि माझा क्रमांक न घेणारी ती सिस्टीम ही तिन्ही आपल्याच कंपनीची आहेत. सुटे भाग कोणाला द्यायचे हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठरते, ते डीलरने लिहिलेले नाही.

मला नुकसानभरपाई नको. चेन, टायर, ट्यूब, ब्रेक ऑइल, बल्ब, बॅटरी यांसारख्या वस्तू वाहन क्रमांक न विचारता रोखीने विकण्याची सोय सिस्टीममध्ये करावी. अन्य कंपनीच्या गाडीची कोणती कामे केंद्रात होतील आणि कोणती होणार नाहीत, हे काउंटरवर लेखी लावावे, म्हणजे माणूस गाडी ढकलत येण्याआधी फोन करून विचारू शकेल. आणि काम नाकारायचेच असेल, तर निदान गाडी पाहून, ती चालवण्याजोगी नसल्यास तसे स्पष्ट सांगून मदत येईपर्यंत आवारात उभी करू द्यावी. माझ्या बाबतीत त्या कर्मचाऱ्याने एकदाही खाली वाकून पाहिले नाही, आणि याच गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे.

या पत्रानंतर केंद्रात चौकशी झाली, तर ते मिस्त्री कोण, हा प्रश्न मला विचारू नये. त्यांचे वर्णन मी मुद्दामच दिलेले नाही आणि पुढेही देणार नाही.

कळावे,
आपला,
आपल्या कंपनीच्या एका दुचाकीचा मालक

सोबत: चेन लॉकची पावती, रिकाम्या पुड्याचे आणि सरकलेल्या पट्टीचे छायाचित्र, आपल्या पहिल्या उत्तराची प्रत.