चित्रकथेवर नाव कुणाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रकथाकार होऊ पाहणाऱ्या मुलांसाठीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. टॅब्लेट कोणता घ्यावा, शिकावं कुठं, सगळं होतं. सही करण्याआधी कागदावर काय वाचावं, तेवढं राहिलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ३० वर्षं मुलं बसवलेल्या मास्तराला गप्प बसवेना.

माझा एक विद्यार्थी आहे. गोष्ट त्याची, चित्रंही त्याचीच. ३२ पानांना चार महिने लागले. आधी चौकटींची कच्ची आखणी, मग पेन्सिल, मग शाई. संवादांच्या फुग्यांतली अक्षरंसुद्धा हातानं (वडील बोर्ड रंगवायचे, वळण घरातलंच). पुस्तक आलं, तर याचं नाव शेवटच्या पानावर बारीक टायपात, 'साहाय्य' म्हणून. करार विचारला तर म्हणाला, "सर, पानामागं पैसे मिळाले त्या पावतीवर सही केली की."

१९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नोकरीत काढलेल्या चित्रांचा मालक मात्र, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारा. आणि हक्क विकले तरी काम माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार कलम ५७ नुसार कलाकाराकडेच राहतो. हे किती कला महाविद्यालयांत सांगतात?

सुपरमॅनच्या दोन जनकांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला हक्क लिहून दिले. पुढं नावही गेलं, ते परत मिळायला १९७५ उजाडलं. आपल्याकडं चाचा चौधरी या चित्रकथेचे जनक प्राण स्वतः लिहायचे, स्वतः काढायचे आणि मुखपृष्ठावर 'प्राण' ठसठशीत असायचं. ज्या कोल्हापुरानं चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव मेस्त्रींना 'पेंटर' हेच आडनाव दिलं, तिथल्या पोरानं 'साहाय्य'मध्ये बसावं, हे मला सोसत नाही.

पोरगा सध्या दुसरं पुस्तक काढतोय. यावेळी करार आलाय, १४ पानी आणि इंग्रजीत. रविवारी आम्ही दोघं तो घेऊन बसलो, सहाव्या पानावर अडलोय. तुमच्या वाचकांत कुणी जाणकार वकील असतील, तर असा करार कसा वाचायचा ते त्यांच्याकडून मराठीत लिहून घ्या आणि पुढच्या पुरवणीत छापा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर