प्याद्यालाही क्लास हवा का?

महोदय,

संगणक शाखेच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षांसाठी मी लातूर, नांदेड आणि परभणीत बरीच वर्षे बाह्य परीक्षक म्हणून जात आहे. यंदा एका महाविद्यालयात बुद्धिबळाचे दोन प्रकल्प समोर आले. पहिल्यात प्रत्येक मोहऱ्याचा स्वतंत्र क्लास (प्रोग्राममधील वस्तूचा साचा), प्रत्येक घराचा ऑब्जेक्ट (साच्यातून घडवलेली वस्तू) आणि या रचनेची सुबक आकृती होती. मात्र पाच अर्धचालींपुढचे (एका खेळाडूची एक चाल म्हणजे अर्धचाल) पाहायला सांगितल्यावर आमचा चहा येऊन संपला तरी त्याची चाल आली नाही. दुसऱ्या विद्यार्थिनीने सारा पट बारा ६४ बिटी संख्यांत (प्रत्येक रंगाच्या प्रत्येक प्रकारच्या मोहऱ्यासाठी एक संख्या, तिच्यात दर घरासाठी ० किंवा १ असा एक बिट) मांडला होता आणि तिचा प्रोग्राम लगेच खेळला. गुण मात्र पहिल्याला जास्त मिळाले, कारण सहपरीक्षकांना दुसऱ्यात ‘ऑब्जेक्ट दिसत नव्हते’.

सुरुवातीच्या पटावरून पाच अर्धचाली खेळण्याचे ४८,६५,६०९ मार्ग आहेत. दर वेळी ६४ घरे आणि ३२ मोहरी नव्याने निर्माण केली, तर केवळ शेवटच्या पातळीवरच ४६ कोटींहून अधिक ऑब्जेक्ट होतात, आणि ते मेमरीत विखुरलेले असल्याने प्रोसेसरचा वेळ गणितापेक्षा वाट पाहण्यात जातो. याउलट घोड्याच्या चाली ६४ घरांसाठी आधीच कोष्टकात काढून ठेवल्या, की आपल्याच मोहऱ्यांची घरे वगळायला एक-दोन बिट-क्रिया पुरतात. स्टॉकफिशसारखे आजचे बलाढ्य इंजिनही याच पद्धतीवर उभे आहे.

याचा अर्थ ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचना टाकाऊ आहे असा नव्हे. चूक आहे ती ऑब्जेक्ट कशाला मानायचे, या निवडीत. संपूर्ण पट हा एक ऑब्जेक्ट असावा, ‘चाल कर’ आणि ‘चाल मागे घे’ ही त्याची दारे असावीत, आणि आतल्या संख्या बाहेर कोणाला दिसू नयेत. प्याद्याला स्वतःचे घर बांधून देण्याची गरज नाही. सापशिडीत, जिथे पुढचे काही शोधायचेच नसते, तिथे हवे तितके क्लास करावेत. शिवाय अल्फा-बीटा छाटणी (निकाल बदलू न शकणाऱ्या चालींचा शोध सोडून देणे) न करता थेट बिटांच्या मागे लागणारे विद्यार्थीही मी पाहिले आहेत. त्यांचे गुण मी स्वतः कापले आहेत.

माझी सूचना एवढीच, की गुणपत्रकात आकृतीच्या रकान्याशेजारी मोजमापाचाही रकाना असावा: ठरावीक खोलीपर्यंत किती स्थिती तपासल्या आणि त्यांना किती सेकंद लागले. पुढच्या सत्रात कोणी वाघ-बकरी निवडणार असेल, तर २५ बिंदूंच्या नेपाळी पटावरचे चार वाघ आणि वीस बकऱ्या दोन ३२ बिटी संख्यांत सहज मावतात. हातातल्या बकऱ्यांची संख्या आणि पाळी कोणाची, हे मात्र वेगळे ठेवावे लागेल.

आपला,
एक बाह्य परीक्षक, लातूर