झडती फक्त पोरांचीच का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे पेपर जवळ आले की दरवर्षी तुमच्या पेपरात तोच फोटो येतो, शाळेच्या गेटवर पोरांची झडती चाललीय, बूट-मोजे काढायला लावलेत, आणि खाली बातमी असते की केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद राहणार. त्यातलं एक दुकान माझं आहे म्हणून हे पत्र. तालुक्याच्या गावाला तहसीलच्या रोडवर झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन असं सगळं करतो. आधी जमावबंदीचं 144 कलम म्हणायचे, आता नव्या कायद्यात ते 163 झालंय, आकडा बदलला पण शटर आमचंच खाली.

दुकान बंद ठेवायला माझी ना नाही. पण ह्या काउंटरवर बसलं की अख्ख्या गावाचे कागद डोळ्यासमोरून जातात आणि मग ते गेटवरचं मोजे काढणं बघून हसू येतं राव.

आधी मायक्रोचं सांगतो. गाइडचं पान मशीनवर 50 टक्के करायचं, जे निघेल ते परत 50 टक्के, की ए-फोरचं पान तळहातात मावतं आणि मशीन चांगली असली तर अक्षरही वाचता येतं. गिऱ्हाईक फक्त एवढंच म्हणतं, "जरा बारीक करून द्या." मी देत नाही, तशी पाटीच लावलीय, आणि त्यामुळं फेब्रुवारीत माझा गल्ला समोरच्या दुकानापेक्षा कमी असतो, मोह काय आम्हाला होत नाही का, एका पानाचे चौपट पैसे द्यायला तयार असतात लोक. पण नवल ह्याचं वाटतं की आता मागायला पोरगं एकटं येतच नाही, सोबत बाप येतो. गाडी स्टँडला लावणार, पोराला मागं उभं करणार आणि स्वतः गाइडची पानं काढून देणार, हे घ्या, हे राहू द्या, हे येणारच आहे. वर परत "दादा, लेकराचं वर्ष जाईल हो". लेकरू बिचारं खाली मान घालून मोबाइल बघत असतं. माझ्या मते लाज असते ती त्यालाच असते, बापाला नाही. (आमच्या वेळी चिठ्ठ्या हातानं लिहायचे, लिहितालिहिता निम्मं पाठ तरी व्हायचं, ते जाऊ द्या.)

आता शाळा-कॉलेज काय करतात ते बघा. अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प असतो. आमच्या इकडं तो प्रकल्प म्हणजे पेन ड्राइव्ह. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रस्तावना, निरीक्षणं, निष्कर्ष सगळं तयार, फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. एकानं प्रिंट मारायला आणलेल्या फाइलमध्ये "आमच्या परिसरातील पंचगंगा नदीच्या प्रदूषणाचा अभ्यास" होता. पंचगंगा कोल्हापूरला, आमच्या इकडं दुधना, आणि उन्हाळ्यात तिच्यात प्रदूषण व्हायला पाणीच नसतं. मी म्हणलं अरे निदान नदी तरी बदल, तर म्हणतो "काका, सर वाचत नसतेत." आणि खरंच, सही होऊन आली फाइल, दुसऱ्या दिवशी मलाच दाखवायला आणली होती. आता त्या पोराला परीक्षेच्या हॉलमध्ये अचानक प्रामाणिकपणा कुठून सुचणार सांगा. त्याला वर्षभर कळलेलंच हे आहे की कागद भरलेला असला की झालं.

दहावीच्या 20 मार्कांचं तर सगळ्यांनाच माहितीय पण बोलत कुणी नाही. भाषेची तोंडी परीक्षा, शाळेच्या हातातले 20 मार्क. 2019 ला बोर्डानं ते काढून टाकले, त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. मग ओरड झाली, आमच्या पोरांवर अन्याय, सीबीएसईवाले पुढं जातात, अकरावीला ॲडमिशन मिळेना, आणि 20 मार्क परत आले. 2020 ला निकाल 95.30 टक्के. कोरोनामुळं त्या वर्षी भूगोलाचा पेपर झालाच नाही हे धरलं तरी एका वर्षात आपल्या पोरांचं मराठी इतकं सुधारलं का? तोंडी परीक्षा वाईट नाही माझ्या मते, नीट घेतली तर पोरगं बोलायला शिकतं. पण जे ऊसतोडीला आई-बापासोबत साखर कारखान्यावर गेलंय, वर्गात डिसेंबरपासून नाहीच, त्याच्यापुढंही 17 कसे पडतात हे कुण्या भरारी पथकानं आजपर्यंत विचारलंय का?

शिक्षकांनाच धोपटायचं असं नाही. निकाल घसरला की पालक पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जातात, पट कमी झाला की संचमान्यतेत (म्हणजे पटावरून शिक्षक किती ते ठरतं त्यात) तुकडी जाते, तुकडी गेली की सर अतिरिक्त ठरतात आणि कुठंतरी समायोजन होईपर्यंत टांगून राहतात. एवढी टांगती तलवार असल्यावर पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघत उभा राहणारच. मग "सेंटर चांगलं आहे" अशी कीर्ती होते, शहरातली पोरं 17 नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा) भरून आमच्या खेड्यातल्या सेंटरला येतात, परीक्षेपुरती लॉजं भरतात, चहाची टपरी दुप्पट चालते, आणि सगळं गाव खूश. कॉपी हा आमच्या भागातला सीझन आहे, आंब्याचा असतो तसा.

म्हणून 2025 ला बोर्डानं जे केलं, आधी गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांवर बाहेरच्या शाळेचे केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक नेमले, ते मला पटलं. निदान तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की गळती आतून आहे, खिडकीतून नाही. त्यावरही शिक्षक संघटनांनी नाराजी काढली, आमच्यावर अविश्वास दाखवता म्हणून. आता ह्याला काय म्हणावं? पोराचा बूट काढून बघता तो काय विश्वास आहे का?

आणि अविश्वास का असू नये? 2019-20 ची टीईटी आठवा. शिक्षक व्हायची परीक्षा, आणि त्यात पैसे देऊन मार्क वाढवून घेतले म्हणून 7,880 जण अपात्र ठरले. परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी अटक केली होती. दहावीचं पोरगं पकडलं की त्याचं रडकं तोंड पेपरात येतं, सगळी संपादणूक, म्हणजे त्या परीक्षेचे सगळे मार्क, रद्द होते, वर 1982 चा कायदा दाखवतात. तेवढ्याच जोरात मोठ्यांचं का होत नाही?

घरात तर त्याच्याही आधी सुरू होतं. आरटीईच्या, म्हणजे खासगी शाळेत गरिबांच्या लेकरांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांचे फॉर्म सुटले की माझ्याकडं भाडेकरार टाइप करायला गर्दी, कारण शाळेजवळ राहणाऱ्याचा नंबर आधी लागतो. स्वतःचं दुमजली घर असलेला माणूस इंग्लिश स्कूलच्या शेजारच्या गल्लीत भाडेकरू होतो, आणि एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढतो, दाखल्याची झेरॉक्स काढायला चारचाकीतून उतरतो. पहिलीत जायचंय ते लेकरू बापाचं बोट धरून उभं असतं आणि बाप त्याला पढवत असतो, कुणी विचारलं कुठं राहतो तर हा पत्ता सांगायचा. ज्याच्या आईला धुणीभांडी करून खरंच ती जागा पाहिजे होती, तिचा नंबर मग वेटिंगला. मला ह्याची मायक्रो झेरॉक्सपेक्षा जास्त चीड येते, कारण कॉपी करणाऱ्यानं दुसऱ्याच्या ताटातलं तरी उचललेलं नसतं लगेच. परवा एक आजोबा आले, वय 72, म्हणे आधारवर 75 करून दे, एसटी फुकट होईल. मी म्हणलं आजोबा, 65 च्या वर अर्धं तिकीट लागतंच की तुम्हाला. तर म्हणे, "सगळेच करतेत." सोबत नातू होता, सातवी-आठवीतला, तो माझ्याकडं बघून हसला.

सगळेच तसे नाहीत हेही लिहितो, नाहीतर म्हणाल झेरॉक्सवाला पिसाळला. एक पोरगी आहे, वडील हमाली करतात, ती मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका एकेक करून काढून नेते, पैसे साठतील तशा. एकदा मशीनमधून तिच्याकडं दोन पानं जास्त गेली तर घरून परत घेऊन आली, म्हणाली "काका, ह्याचे पैसे राहिले". तिचा नंबर त्याच "चांगल्या" सेंटरला आलाय, आणि तिच्या बापाला काळजी ही आहे की बाकीची पोरं तिला सुखानं लिहू देतील का, का पेपर दाखव म्हणून मागून बेंच ढकलतील.

तर बोर्डाला माझी विनंती एवढीच, पथक पाठवायचं तर तोंडी परीक्षेला पाठवा, न सांगता, आणि 20 मार्क बाहेरच्या शिक्षकाच्या हातात द्या. पर्यावरणाचा प्रकल्प एकतर बंद करा नाहीतर पोराला समोर बसवून दोन प्रश्न विचारा, गावातली नदी कुठली एवढं विचारलं तरी चालेल. 17 नंबरवाल्यांना त्यांच्या राहत्या गावातलंच सेंटर द्या. आणि आमची दुकानं बंद करायचीच असतील तर खुशाल करा, फक्त पेपरच्या दिवशी हॉल तिकीट घरी विसरलेलं पोरगं साडेदहाला कुठं प्रिंट काढणार तेवढं त्या आदेशात लिहा, कारण दरवर्षी दोन-तीन तरी येतात आणि बंद शटर वाजवत बसतात.

आपला नेहमीचा वाचक,
एक झेरॉक्सवाला, जि. परभणी